चिमटीचा लाडू आणि बॅटरीची अंगतपंगत

चाकांवर एक घर होतं. पुढे स्टिअरिंग, मागे स्वयंपाकघर, टपावर सोलर! त्यात राहायची तुळसामावशी. आणि मावशीच्या चपलेत राहायची इवलीशी उंदरी, चिमटी.

एकदा गाडी उभी होती आंब्याखाली. मावशीने चिमटीला दिला बेसनाचा लाडू. केवढा? चिमटीएवढा!

लाडू निसटला. गड गड गड! गेला पलंगाखाली. तिथे काळोख! चिमटीला काळोखाची भारी भीती. रडून रडून शेपटी ओली!

तुरुतुरु तुरुतुरु, चिमटी गेली दिव्याकडे.
"लाडू दिसेना! दिवादादा, लाग की!"
दिवा म्हणाला, "आधी बॅटरी वीज देईल, मग मी लागेन."

तुरुतुरु तुरुतुरु, चिमटी गेली बॅटरीकडे.
"दिवा लागेना, लाडू दिसेना! बॅटरीआजी, वीज दे की!"
बॅटरीचं पोट वाजलं, गुडगुड गुडगुड! "मीच उपाशी गं! आधी सोलर वाढेल, मग मी देईन."

तुरुतुरु तुरुतुरु, चिमटी गेली टपावर.
"बॅटरी देईना, दिवा लागेना, लाडू दिसेना! सोलरताई, वीज वाढ की!"
सोलर म्हणाली, "माझ्यावर सावली. माझ्याकडे घासभरच. एवढंसं कसं वाढू? लाज वाटते! आधी इंजिन वाढेल, मग मी वाढेन."

तुरुतुरु तुरुतुरु, चिमटी गेली इंजिनाकडे.
"सोलर वाढेना, बॅटरी देईना, दिवा लागेना, लाडू दिसेना! इंजिनमामा, वीज वाढ की!"
इंजिनमामा म्हणाला, "जागेवर घुर्र घुर्र करून मिळेल घासभरच. एवढंसं कसं वाढू? लाज वाटते! आधी प्लग वाढेल, मग मी वाढेन."

तुरुतुरु तुरुतुरु, चिमटी गेली शेजारच्या घराच्या भिंतीवरच्या प्लगकडे. प्लगला हात नाही हं लावायचा! ती लांबूनच म्हणाली,
"इंजिन वाढेना, सोलर वाढेना, बॅटरी देईना, दिवा लागेना, लाडू दिसेना! प्लगकाका, वीज वाढ की!"
प्लगकाका म्हणाला, "माझी वायर बारीक. येईल घासभरच. एवढंसं कसं वाढू? लाज वाटते! आधी सोलर वाढेल, मग मी वाढेन."

सोलर? पुन्हा सोलर? चिमटीला आली चक्कर. गर गर गर, धप्प! पडली मावशीच्या पायावर.
"प्लग वाढेना, इंजिन वाढेना, सोलर वाढेना, बॅटरी देईना, दिवा लागेना, लाडू दिसेना! मावशी गं, सगळ्यांकडे घासभरच!"

मावशी हसली, खो खो खो! "अरे लाजाळूंनो, मग अंगतपंगत करा की! आपापला घास आणा, एकाच ताटात वाढा. सगळे मिळून वाढा!"

मावशीने वायर जोडली, खट्! किल्ली फिरवली, घुर्र!
प्लगने वाढला घास.
इंजिनाने वाढला घास.
सोलरने वाढला घास.
बॅटरी जेवली मटामटा. ढेकर दिली, ढर्रर्र!
बॅटरीने दिली वीज.
दिवा लागला, लख्ख!
आणि लाडू? तो बघा, पलंगाखाली, मावशीच्या मोज्यात!

मावशी म्हणाली, "चिमटे, मला एवढासा दे की."
चिमटी म्हणाली, "एवढासा कसा देऊ? लाज वाटते!"
आणि लाडू गट्टम्!