धुरपा सुईण आणि राळ्यांची वाट

करंजघोळाला गाडीरस्ता व्हायच्या कितीतरी पिढ्या आधी घडलेलं हे. डोंगराच्या पोटातलं गाव, खाली ओढा, ओढ्यापलीकडं मसणवट, आणि तिथून गावात येणारी एकच पायवाट. तिला अजून राळ्यांची वाट म्हणतात. बाहेरगावची माणसं भूत बघायला म्हणून येतात, मोबाइल उगारून उभी राहतात आणि डास चावून घेऊन परत जातात. त्यांना काही दिसत नाही, दिसायचंही नाही. ज्यांना दिसलं त्यांची ही गोष्ट आहे, तेव्हा नीट सरकून बसा आणि उगाच मधे किंचाळू नका.

त्या काळी गावात धुरपा नावाची सुईण होती. अंगानं चिमूटभर, जिभेनं मात्र अख्ख्या गावाला पुरून उरणारी. असं म्हणतात, की तिच्या हाती आलेलं एकही पोर कधी दगावलं नाही. लोक जरा वाढवूनच सांगतात, एखादं गेलंही असेल. पण अडलेल्या बाईला ती आधी शिव्या घालायची आणि मग पोटावर हात ठेवायची, हे मात्र खरं. तिच्यासमोर रडायचीसुद्धा चोरी होती बायकांना.

एका वर्षी रखमाजीची बायको ठकू अडली. पहिलटकरीण, कोवळी पोर. धुरपानं होतं नव्हतं ते सगळं केलं. शेवटी मुलगी धडधाकट हाती आली आणि ठकू गेली. लेकीचं तोंडसुद्धा तिला बघायला मिळालं नाही.

बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते, पोराच्या ओढीनं घरी येते आणि पोर घेऊन जाते, अशी तेव्हाची समजूत. तिला अडवायचा उपायही ठरलेला होता. प्रेत मसणवटीत पोचलं, की परतताना वाटेवर राळे फेकत यायचे. राळा म्हणजे मोहरीएवढा दाणा. मेलेल्या बाईला प्रत्येक दाणा वेचल्याशिवाय पाऊल पुढं टाकता येत नाही म्हणे. आणि ते फेकायचा मान सुईणीचा. धुरपानं रडत रडत फेकले, पण ओंजळी भरभरून फेकले. रीत होती, तिनं केली.

दुसऱ्याच दिवशी तिन्हीसांजेला गुराखी धावत सुटले ते थेट पारावर येऊन पडले. हिरवं लुगडं नेसलेली बाई वाटेवर उकिडवी बसून दाणे वेचत होती! त्याच्या दुसऱ्या दिवशी ती अलीकडच्या वळणावर दिसली. नामा देवऋषी म्हणाला, अजून राळे टाका. मग घराघरातून टोपल्या निघाल्या. रोज दिवस कलला, की बाप्ये वाटेवर राळे उधळायचे आणि मागं न बघता पळत यायचे. दिवेलागणीआधी अख्ख्या गावाची दारं बंद. असं म्हणतात, की बंद दाराआडूनही ओढ्याकडचा बांगड्यांचा आवाज ऐकू यायचा. एक दाणा उचलला, की एकदा किण्ण.

इकडं रखमाजीच्या घरात पोर दूध घेईना. शेळीचं दूध बोळ्यानं तोंडात घातलं, की ओठाच्या कडेनं बाहेर. गावात दुसरी एक ओली बाळंतीण होती, चंद्रा. धुरपा तिच्या दारात जाऊन पदर पसरून उभी राहिली.

"हडळीची पोर माझ्या अंगाला नको लावू गं मावशी," असं म्हणून चंद्रानं दार लावून घेतलं.

पोर आधी घर डोक्यावर घेऊन रडायची. मग नुसती कण्हायला लागली. आणि एका दुपारी गप्पच झाली. रडणाऱ्या पोराला धुरपा कधी भ्यायली नव्हती. गप्प झालेलं पोर काय असतं, ते तिला माहीत होतं.

ती तडक पारावर गेली आणि म्हणाली, "मी राळे गोळा करणार हाय."

पारावर एकच गिल्ला झाला. नामा देवऋषी ओरडला, "मावशी, डोकं फिरलंय काय तुमचं? ती पोर न्यायला येतीया!"

"न्यायला येतीया का पाजायला, तुला रं काय ठावं? इचारलंस तिला?"

"हडळीला इचारत्यात व्हय?"

"तू नको इचारू. तू घरात बस कडी घालून."

कुणीतरी मागून पुटपुटलं, की मुलगीच तर आहे. धुरपानं नुसतं वळून बघितलं, तर तो माणूस जो पारावरून उतरला तो परत चढला नाही. रखमाजी मात्र मान खाली घालून बसला होता. पोर त्याची होती, त्याच्या शब्दाशिवाय धुरपाला हे करता येत नव्हतं. शेवटी तो उठला, घरातून सूप आणि केरसुणी घेऊन आला आणि तिच्या हातात दिली.

"नुसतं बसून राहिलो तरी जाणारच हाय ती," तो म्हणाला. "जा मावशी."

धुरपानं आधी रखमाजीच्या घरातली बाळंतिणीची खोली लावली. बाजेवर धडुती अंथरली, पोरीला त्यांवर निजवलं, बाजेखाली शेगडी ठेवली, तिच्यात ओवा टाकला, अळिवाची खीर करून झाकून ठेवली. जिवंत बाळंतिणीला करते तसंच सगळं केलं. मग सूप कमरेला लावून निघाली.

वाटेवर तिनं गावाच्या बाजूनं झाडायला सुरुवात केली. झाडून येईनात ते दाणे बसून वेचायला लागली. उजेड उतरत चालला होता. आणि समोरून आवाज आला. किण्ण. धुरपानं मान वर केली नाही. ती भ्यायली नाही असं सांगणारे थापा मारतात. तिनं ठरवलंच होतं, फक्त दाण्यांकडं बघायचं.

आवाज जवळ येत गेला. मग तिच्या नजरेत दोन हात आले. हिरव्या बांगड्या, आणि बोटांची नखं पार झिजलेली. कळा सोसताना याच हातांनी धुरपाचं मनगट धरलं होतं. पाय बघायचं तिनं टाळलं.

"मावशी," आवाज आला, "रडतीया का गं?"

धुरपानं आणखी एक दाणा सुपात टाकला. मग म्हणाली, "रडायची थांबलीया. म्हणून तर आले."

ते हात भराभर चालायला लागले. धुरपाचेही चालायला लागले. दोघी समोरासमोर बसून वेचत राहिल्या. शेवटचा दाणा धुरपानं स्वतः उचलला, सुपात टाकला आणि म्हणाली, "चल."

ती पुढं आणि बांगड्यांचा आवाज मागं. वाटेत सगळी दारं बंद. धुरपाच्या मनात एकच घोकणी चालली होती. नेलीच हिनं पोर, तर ती मी माझ्या हातानं दिली असं होईल.

खोलीत आल्यावर धुरपा भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. बाज करकरली. मग किती वेळ काहीच नाही. आणि मग चुटुचुटु आवाज आला. पोर पीत होती! धुरपा पदराचा बोळा तोंडात कोंबून रडली. असं म्हणतात, की त्या घटकेला गावातल्या साऱ्या गाईम्हशींना पान्हा फुटला. भाकडसुद्धा सुटली नाही. गोठ्या गोठ्यात दुधाच्या धारा लागल्या आणि कडी घालून बसलेल्या लोकांच्या उंबऱ्याखालून दूध वाहिलं.

आवाज थांबला. बाज पुन्हा करकरली, आणि बांगड्या दाराकडं निघाल्या. धुरपानं वळून बघितलं तर पोर ठकूच्या खांद्यावर होती.

धुरपानं धावत जाऊन उंबऱ्यावरच बसकण मारली. चौकटीच्या एका बाजूला पाठ, दुसरीला पाय.

"कुठं निघालीस?"

"घरी, वढ्याच्या पल्याड."

"आन पोर?"

"माझी हाय. नेते."

खोलीतला उबारा एकदम गेला, शेगडी विझली. धुरपाला ना मंत्र येत होता ना अंगारा जवळ होता. सुचलं ते एवढंच, जे ती प्रत्येक बाळंतिणीला म्हणायची. ती जोरात खेकसली.

"सव्वा म्हैना झाला का गं? बाळंतीण पोर घेऊन उंबरा वलांडती व्हय? टाळू भरली नाय अजून तिची! वारं लागलं म्हंजी? सुईण मी हाय का तू?"

ठकू थबकली. धुरपानं हात पुढं केले, पण आवाज खाली येऊ दिला नाही. "आण इकडं. मान सांभाळ तिची."

तिच्या हातांवर हलकेच वजन आलं.

"मावशी, उद्या येऊ?"

"ये की. दार उघडं आसंल. पर पाजायचं हितंच."

गार वारा तिच्या अंगावरून निघून गेला. पोरीच्या ओठाच्या कडेला दुधाचा थेंब होता, आणि ती झोपली होती.

ठकू रोज येत राहिली आणि धुरपा रोज उंबऱ्यावर बसत राहिली. वाटेवर राळे टाकायला आता कुणी जाईना. मग एका संध्याकाळी चंद्रा आली. मान खाली घालून उंबऱ्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "आण मावशी तिला इकडं. मला दूध पुष्कळ हाय." ती पोरीला घेऊन पाजायला बसली. त्या संध्याकाळी बांगड्या वाजल्या नाहीत, आणि पुन्हा कधीच वाजल्या नाहीत.

धुरपा पिकलं पान होऊन गेली. करंजघोळात त्यानंतर कुणी बाळंतिणीमागं राळे फेकले नाहीत. आई गेली आणि पोर मागं राहिलं, की सव्वा महिना त्या घराचं दार तिन्हीसांजेला उघडं असतं, आत शेगडी पेटलेली असते, आणि गावातली एखादी म्हातारी उंबऱ्यावर बसते. त्याला धुरपाचं बसणं म्हणतात. गावातल्या ओल्या बाळंतिणी न बोलावता तिथं येऊन पोर पाजून जातात.

आता गावाला रस्ता आहे, बायका तालुक्याला दवाखान्यात बाळंत होतात. तरी जीप निघायच्या आधी सासू खिडकीत वाकते आणि सुनेच्या कानाशी लागून सांगते, "घाबरू नको बाय. धुरपामावशीची आण, दार उघडं ठेवते."