साळूचा ठेंगणा डोंगर

जिथे डोंगर कुणी पाहिलाच नव्हता, अशा एका सपाट मुलखात साळू नावाची चिमुकली मुलगी आईबरोबर राहायची. मायलेकी दगडाचे पाटे-वरवंटे घडवून विकायच्या. पोट कसंबसं भरायचं, पण पाणी फार लांब. दरवर्षी काळे-जांभळे, टपोरे ढग यायचे आणि अडवायला कुणी नाही म्हणून न बरसताच निघून जायचे. आई पाय ओढत दूरच्या तळ्यावर जायची. संध्याकाळी तिचे सुजलेले पाय चेपताना साळूला रडू यायचं.

दगडावर घण घालण्याआधी त्याला हलकेच ठोकून कान लावायचा, ही पाथरवटांची रीत. एका सकाळी साळूनं एका छानशा गुलाबी शिळेला कान लावला, तर आतून इवलासा हुंदका ऐकू आला. शिळा चांगली मोठी होती, तिचे दोन पाटे सहज झाले असते. पण साळूनं घण खाली ठेवला.

"रडू नकोस गं. मी नाही फोडत," ती म्हणाली.

तशी शिळेतून एक चमचमती परी बाहेर आली. पंख अभ्रकाचे, झगा गेरूच्या रंगाचा, केसांत गारगोट्यांची लुकलुक.

"मी भुईची परी. माझं घर वाचवलंस. माग, काय हवं ते."

"ढगांना अडवेल असं काहीतरी दे. आईचे पाय फार दुखतात."

परीनं साळूची गोधडी जमिनीवर पसरली आणि दोन्ही बाजूंनी हळूहळू आत सरकवली. मधोमध घडी पडून वर उचलली गेली.

"जमिनीखालचे दगडांचे थरही असेच वाकतात. मी दोन्हीकडून रेटेन आणि डोंगर उभा राहील. युगांचं काम मी महिन्यात करेन, पण त्याहून जास्त घाई दगडाला सोसत नाही. तो वाढत असताना त्याच्यावर घाव घालायचा नाही. घातलास तर माझी जादू तिथंच थांबेल."

साळूनं मान डोलावली, पण दगड वाकतो हे तिला काही पटेना. तिच्या घरी दगड फक्त फुटायचा.

भुई फुगू लागली. तांबडे, पिवळे, राखाडी थर कमानीसारखे वाकत वर आले. आई तोंडात बोट घालून बघत राहायची. आणि एका दुपारी आभाळाच्या कडेला ढग दिसले. डोंगर अजून झाडाएवढाच होता. याही वर्षी ढग वरून निघून जाणार, असं साळूला वाटलं. दगड अडला की घाव घालायचा, एवढंच तिला ठाऊक. कान लावायचंही विसरून तिनं कमानीवर घण घातला.

कडाडकन थर तुटले. अर्धा डोंगर खाली खचला, आणि ढग त्याच्या माथ्यावरून सावकाश निघून गेले.

परी आली ती उदास होऊन. "आधीच ताणलेला दगड होता, साळू. थोडा धीर धरायचा होतास."

"चुकलं माझं," साळू हमसाहमशी रडत म्हणाली. "मला काही देऊ नकोस. पण माझ्या चुकीसाठी आईला नको गं चालायला लावूस."

परीनं तुटलेल्या भेगेवर हात ठेवला. आतून झुळझुळ करत निळसर झरा निघाला. "एवढं मला अजून देता येतं. डोंगरही वाढेल, पण आता आपल्या चालीनं. पुरा उंच झालेला तो तुला बघायला मिळणार नाही." असं म्हणून परी सोनेरी उजेडात विरून गेली.

झरा बारीकसाच होता. घागर भरायची, शेत मात्र भिजायचं नाही. आई पाण्यात पाय सोडून बसायची आणि म्हणायची, "किती गुणाचा गं आपला डोंगर."

"आई, तो खूप उंच व्हायचा होता. मी घाई केली."

आईनं तिला जवळ ओढलं. "असू दे की. मला एवढा पुष्कळ आहे."

वरून ढग चालले होते. आई रागावली असती तर बरं झालं असतं, असं साळूला वाटत राहिलं.