येसूचं हसू बोहारणीनं नेलं

एकदा काय झालं, डोंगरापलीकडच्या गावात येसू नावाची एक पोरगी होती. गण्या, पाय पांघरुणात घे आधी! हां. तर ही येसू आणि तिचे आंधळे आजोबा, दोघंच राहायची. येसू खळखळून हसायची, कामं करताना गुणगुणायची आणि दिसेल त्याला प्रश्न विचारायची.

शेजारी होती एक काकू. सकाळी म्हणाली, "किती खिदळतेस गं!" दुपारी म्हणाली, "काय ही सारखी भुणभुण!" संध्याकाळी म्हणाली, "नसत्या चौकशा फार बाई तुला!" येसूला वाटलं, आपलं सगळंच चुकतंय की काय.

मग दारात आली बोहारीण. पण ही जुनी लुगडी नव्हती घेत, बरं का. ही माणसांचे नकोसे स्वभाव घ्यायची आणि भांडी द्यायची! येसूनं हसू देऊन वाटी घेतली. गुणगुण देऊन तांब्या घेतला. प्रश्न देऊन परात घेतली. भांडी कशी लखलखीत!

मग तिनं आजोबांना ताट वाढलं. "आजोबा, जेवा."

आजोबांनी कान टवकारले. "कोण तुम्ही, बाई? माझी येसू आली की जेवीन."

"अहो, मीच येसू!"

"छे! येसू अशी नसते."

झाली का पंचाईत! येसूनं स्वतःला चिमटा काढला. दुखलं. म्हणजे मी आहे खरी. पण मग येसू कुठाय? कुणाला विचारावं, तर विचारायचं कसं तेच आठवेना! प्रश्न देऊन बसली होती ना वेडाबाई. आजोबा त्या दिवशी उपाशी. दुसऱ्या दिवशीही उपाशीच.

मग येसू भांडी घेऊन बोहारणीमागे धावली. बोहारीण म्हणाली, "अगं, विकलं की ते. तुझ्या काकूनंच घेतलं सगळं! पण जा, नजर न चोरता 'माझं' म्हण. आपोआप येईल तुझ्याकडे."

येसू गेली, तर काय! काकू तोंडाला पदर लावून खिदळतेय! येसू खाली बघत पुटपुटली, "ते माझं होतं." काही झालं नाही. मग रडत म्हणाली, "माझं आहे हो." तरी नाही.

काकू म्हणाली, "तुलाच नको होतं की!"

येसू गोंधळली. खरंच होतं ते. पण तिला उपाशी आजोबा आठवले. तिनं काकूकडे सरळ बघितलं. "चुकून दिलं मी, काकू. माझंच आहे ते आणि मला हवंय."

आणि भुर्रकन सगळं परत! येसू हसत हसत घरी आली, तसे आजोबा आतूनच ओरडले, "आली गं माझी येसू! वाढ लवकर, पोटात कावळे ओरडताहेत!"

आणि काकू? ती कसली गप्प बसते! दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली, "किती खिदळतेस!"

येसू म्हणाली, "हो काकू, मी हसते खूप. तुम्हीपण या की हसायला."

आणि काकू आली हो! मग सगळी मजेत राहिली.

चिमे, आज मावशी तुला बडबडी म्हणाली ना? म्हणू दे. रडायचं नाही. तुझी बडबड तुझीच आहे, रात्रीतून कुणी नेत नाही. सकाळी उठशील तेव्हा असेल इथंच. मीट बघू डोळे.