न पडलेली गाडी

“पण गाडी पडलेली नाही ना, मिस्त्री?”

उन्मेषने हे तिसऱ्यांदा विचारलं.

दस्तगीर मुजावर आपल्या गॅरेजात चिंधीने पाना पुसत होते. साऱ्या मलकापुरात त्यांना वस्ताद म्हणत. उन्मेष मात्र त्यांना मिस्त्री म्हणत होता, कारण तो बाहेरगावचा होता आणि त्याला सगळं येत होतं.

जुन्या गाडीच्या बाजारात हा प्रश्न विचारायचाच असतो. पडलेली गाडी म्हणजे अपघातातली गाडी. तिचा सांगाडा वाकलेला असतो, वरून रंग मारलेला असतो, आणि विकणारा देवाची शपथ घेऊन मोकळा होतो.

वस्तादांनी शपथ घेतली नाही.

“न्हाई,” ते म्हणाले. “गाडी न्हाई पडली.”

ती मोटरसायकल शेडच्या कोपऱ्यात उभी होती. काळी, बावीस वर्षांची, टाकीवर तोंड दिसेल इतकी स्वच्छ. उन्मेष अर्धा तास तिच्याभोवती फिरत होता. ही त्याची पहिलीच गाडी होणार होती. पंधरा दिवस त्याने मोबाईलवर जुनी गाडी कशी पारखावी याचे धडे घेतले होते, आणि ते कुणाला तरी म्हणून दाखवायची त्याला घाई झाली होती.

“काय काय बगितलंस?”

“सगळं. आधी इंजिनाला हात लावला. गार होतं, म्हणजे मी यायच्या आधी कुणी चालू करून ठेवलेली नाही. दुसऱ्या किकला सुरू झाली. धूर नाही, चेन सैल नाही, आरसी पुस्तकातला नंबर गाडीवर आहे. आणि मिस्त्री, बावीस वर्षांत एक ओरखडा नाही!”

“न्हाई.”

“मालक फार जपणारा असणार.”

“लई जपायचा.”

वस्तादांनी पाना खाली ठेवला.

“तुला चालवाय येती?”

“मैदानावर चार दिवस चालवलीय.”

“आन् जाणार कुठं?”

“सोमवारी नोकरीवर हजर व्हायचंय. घाटाखाली, जनावरांच्या दवाखान्यात. रोज घाट उतरायचा आणि चढायचा.”

वस्तादांनी कोपऱ्यातल्या गाडीकडे पाहिलं.

“मालक का विकतोय पण?” उन्मेषने विचारलं. हाही प्रश्न धड्यांतलाच होता.

“त्यो न्हाई इकत. त्याची आई इकतीया. अंगणात गाडी दिसली की तिला घास जात न्हाई. म्हणून हितं आणून लावली. म्हणाली, कुणाला द्यायची ते तुम्हीच बगा.”

उन्मेषचा हात सीटवर होता. तो त्याने हळूच काढून घेतला.

“संताजी,” वस्ताद म्हणाले. “सा वर्सं माझ्या हाताखाली काम शिकला. त्याचीबी ही पैलीच गाडी. मीच बगून दिली. नारळ फोडला, किल्ली हातात ठेवली आन् म्हणलं, वरखडा आला तर माझ्या दारात यायचं न्हाई.”

हे ते सगळ्याच शिकाऊंना म्हणत. गाडी जपावी म्हणून घातलेला धाक होता तो. बाकीचे हसून सोडून देत आणि दुसऱ्या दिवशी आरसा फोडून परत येत. संताजीने मात्र शब्द मनावर घेतला.

“घाटात वळणावर खडी सांडली हुती. गाडी घसराय लागली. सोडून बाजूला उडी टाकली असती तर गुडघा फुटला असता, बास. पर त्यानं सोडली न्हाई. पाय टेकत, सावरत गेला... उतारानं वेग धरला. लोक धावलं तवा गाडी उभीच हुती. गाडी आन् कठड्याच्या मदी त्यो हुता.”

मग ते म्हणाले, “गाडीला काय बी झालं न्हाई.”

बाहेर रस्त्यावरून ट्रक गेला. शेडचा पत्रा थरथरला.

उन्मेषला वाईट वाटलं. अगदी खरं वाईट वाटलं. पण दुखवट्याला आलेल्या माणसाला काहीतरी म्हणावं लागतं, तसं तो म्हणाला.

“मी सांभाळून चालवीन, मिस्त्री. शब्द देतो. तिच्यावर ओरखडा येऊ देणार नाही.”

वस्तादांचा चेहरा एकदम उतरला.

ते उठले. गाडी स्टँडवरून काढली, ढकलत शेडबाहेर खडीवर नेली आणि हँडल उन्मेषच्या हातात दिलं.

“धर.”

त्याने धरलं.

“आता पाड.”

“काय?”

“पाड गाडी.”

“अहो, चांगली गाडी...”

“पाड.”

उन्मेषने ती थोडी कलती केली. वजन हातावर आलं, तसं त्याने झटक्यात तिला सरळ केलं. पुन्हा कलती केली. पुन्हा सावरली. तिसऱ्या वेळी ती बरीच खाली गेली, तरी त्याने दात आवळून, मांडी लावून ती वर ओढली. पाठ घामाने भिजली होती.

“हात सोड.”

“सुटत नाहीत.”

“त्याचं बी सुटलं न्हाईत.”

उन्मेषने वर पाहिलं. वस्ताद गाडीकडे बघतच नव्हते. ते उन्मेषच्या बोटांकडे बघत होते, एकेक बोट मोजावं तसे.

उन्मेषने डोळे मिटले... आणि हात सोडले.

मोठा आवाज झाला. आरसा फुटला. क्लचचा दांडा वाकला. टाकीला खडीने लांबलचक घासलं आणि झाकणातून पेट्रोल ठिबकू लागलं. वस्ताद खाली बसले. त्या घासलेल्या जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

उन्मेष अपराध्यासारखा उभा होता. धड्यांतलं काहीच त्याला आठवत नव्हतं.

“ओरखडा आला, वस्ताद.”

वस्तादांनी खिशातून किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली.

“आला न्हवं? मग तू बी घाटातनं माघारी येशील.”