महाराजांच्या पोटातली दुपार

"टोला पडला! दरवाजा बंद!"

माळ्याची आवडा वांग्यांची पाटी घेऊन बाजाराच्या दरवाजाशी पोचली आणि पहारेकऱ्याने तो तिच्या नाकासमोर लोटला. या महिन्यात ही पाचवी खेप! ऊन अजून धड चढलंही नव्हतं. काल मात्र शेटजींची गाडी भर उन्हात डुलत आली, तरी टोला पडायचाच होता.

सोनवडीत वेळ सांगायचा मान घटकाजोशी नारंभटांचा. घंगाळातल्या पाण्यावर ते बारीक भोकाची तांब्याची वाटी सोडत. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली, आणि ठरलेल्या घटका भरल्या की ते घंटेवर टोला देत. शेटजींकडून तूप आलं की भटजी भोकाला मेण लावत आणि वेळ रेंगाळे. माळ्याकडून नुसता रामराम आला की वाटीत खडा पडे आणि वेळ धूम पळे! आवडाने हे खिडकीतून डोळ्यांनी पाहिलं होतं. महाराजांच्या भोजनाचा टोला तेवढा ते वेळेवर देत.

ती तडक दरबारात गेली.

"महाराज, नारंभट वेळ विकतात! आमची वांगी सुकून चालली."

"शिव शिव!" नारंभटांनी कानांवर हात ठेवले. "महाराज, चाळीस वर्षं सेवा केली!"

राजा वीरकेतू हट्टी. तो गरजला, "नारंभटांच्या टोल्याशिवाय मी स्वतः घास घेत नाही, आणि तू त्यांना खोटं पाडतेस? ठीक आहे! उद्या माझ्या भोजनाच्या टोल्याआधी सिद्ध कर. पण ऊन, सावली, दुसरी वाटी, वेळ मोजायचं काही आणायचं नाही. या राज्यात वेळ म्हणजे नारंभटांची वाटी! हरलीस, तर तुझ्या बापाचा बाजारातला ओटा जप्त!"

"आता गं?" बापाने कपाळाला हात लावला. "वेळ मोजायचीच नाही, मग खोटी कशी ठरवायची?"

"आबा, तुम्ही भोपळा किसा," आवडा म्हणाली. "मी घारगे तळते."

दुसऱ्या दिवशी ती टोपलीभर घारगे घेऊन नारंभटांकडे गेली.

"भटजीकाका, माझी मुदत टोल्यापर्यंत आहे. टोला जरा उशिरा पडला तर विचार करायला सवड मिळेल हो!"

नारंभट खो खो हसले. "विचार कर की संध्याकाळपर्यंत! तुझ्याच्याने काय होणार?" त्यांनी घारगा तोंडात टाकला आणि भोकाला मेण लावलं. दुसरा घारगा, आणखी मेण. सातव्या घारग्याला वाटी बदकासारखी तरंगू लागली! भटजींचं स्वतःचं पोट तुडुंब भरलेलं. आज आणखी कोणाला भूक लागली असेल, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

आवडा राजवाड्यात जाऊन उभी राहिली.

राजा पाटावर बसला होता. ताट वाढलेलं. पुरणपोळी गार झाली. कढीवर साय धरली. टोला काही पडेना!

"मुदत संपत आली, पोरी," राजा म्हणाला.

"कुठे, महाराज? अजून टोला पडायचाय."

राजाच्या पोटात गुर्रर्र झालं. आचाऱ्याला वाटलं, दाराशी कुत्रं आलं. तो "हाड! हाड!" करत धावला.

"अरे, तो मी!" राजा ओरडला. "दुपार टळली की काय?"

"छे छे! वाटी बुडाली नाही, म्हणजे दुपार झालीच नाही."

"झाली नाही कशी? माझं पोट सांगतंय ना! चाळीस वर्षांत त्याची वेळ कधी चुकली नाही!"

"मग महाराजच निवाडा करा," आवडा हात जोडून म्हणाली. "खोटं कोण? भटजीकाकांची वाटी, की महाराजांचं पोट?"

राजा ताडकन उठला आणि घटिकाघरात शिरला. नारंभटांच्या एका हातात मेणाचा गोळा, दुसऱ्यात शेवटचा घारगा!

"म... महाराज, आपणही घ्या ना!"

राजाने घारगा हिसकावून घेतला, पण टोला आठवून तसाच हातात धरला. मग तो आवडाकडे वळला. "लबाड पोरी! वेळ मोजायचं दुसरं साधन आणायचं नाही, असं बजावलं होतं ना?"

"मी कुठे आणलं, महाराज? ते तर तुम्हीच पाटावर घेऊन बसला होता!"

राजा इतका हसला, की उपाशी पोटाला कळ लागून त्याला घंगाळाचा काठ धरावा लागला.

"आजपासून टोला आवडाच्या हाती! घटकाजोश्याचं वेतन आणि मानही तिचाच! आणि नारंभट, तुम्ही दरवाजाशी उभं राहून लोकांच्या पाट्या उतरवायच्या. तुमचं जेवण टोल्यानंतर!"

"महाराज, टोला केव्हा पडणार?" नारंभट रडवेले झाले.

"तिला विचारा! पण पोरी, आधी माझा वाजव, माझा!"

आवडाने घंटेवर दणका दिला. घुमणारा आवाज विरायच्या आत घारगा संपला होता.