ढब्बूरावांची मधली जागा

फार फार पूर्वी दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावर सम्राट पेंग्विनांचे बाप पायांवर एकेक अंडं घेऊन, अंगाला अंग भिडवून उभे होते. बायका समुद्रावर गेलेल्या. वारा असा, की चोचीतला शब्द गोठावा. म्हणून रिवाज होता, कडेच्याने आत यायचं, आतल्याने बाहेर जायचं आणि घोळक्याने सतत मुंगीच्या पावलांनी सरकत राहायचं.

ढब्बूरावांना एकदाची अगदी मधली जागा मिळाली.

"राव, सरका जरा," शेजारचे तात्या म्हणाले.

"का म्हणून? ही जागा माझी. इथून तसूभर हलणार नाही!"

"बरं बाबा!" तात्या वळसा घालून पुढे गेले. त्यांच्यामागून बाकीचेही गेले. ढब्बूराव उबेत डोळे मिटून डुलत राहिले.

जरा वेळाने पाठीत सपकन वारा घुसला. डोळे उघडतात तो मागे चिटपाखरू नाही!

"माझी मधली जागा कोणी पळवली रे?"

"कोणी नाही," लांबून तात्या ओरडले. "तुम्ही उभे आहात तीच ती. ऊब तेवढी आमच्याबरोबर आली."

ढब्बूरावांनी पायांवरच्या अंड्याकडे पाहिलं. मग ते सांभाळत, धापा टाकत घोळक्याची कड गाठली आणि सगळ्यात शेवटच्या पाठीला हळूच म्हणाले, "अहो, जरा सरकता का?"