वरच्याच्या डोळ्यांतला भुसा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते मला विचारू नका. ज्यांना नक्की ठाऊक होतं ते कधीच गेले, आणि मीही ती सांगून सांगून थकलो आहे. पण सावरघाटात गोष्टींना बसलं की आधी येसूचं नाव घ्यावंच लागतं.

सावरघाट डोंगराच्या पायथ्याला, चहूकडे सागाचं रान. येसूचा नवरा लाकडं कापायचा. ओंडका उंच लाकडी घोडीवर चढवायचा, एकाने ओंडक्यावर उभं राहायचं, एकाने खाली, आणि दोघांनी लांब करवत ओढून फळ्या पाडायच्या. नवरा वर, येसू खाली. एका साली पटकीची साथ आली, नवरा गेला, पाठोपाठ दोन लेकरं गेली. येसूपाशी करवतीचं एक टोक तेवढं राहिलं.

त्याच पटकीने गावातली कितीतरी पोरं पोरकी केली. तेरा-चौदा वर्षांची, ना लहान ना मोठी. त्यांना जेवायला कुणी ना कुणी घालायचं, पण जवळ बसवून घ्यायचं नाही. मग ती दगड मारू लागली, गवताच्या गंजी पेटवू लागली. सगळ्यांत वांड बयाजी. त्याने पाटलाच्या हणमंताचं, आपल्याच वयाच्या पोराचं, कपाळ फोडलं तेव्हा पंच बसले. पुन्हा हात उचलला तर वेशीबाहेर, असं ठरलं. रानात वाघ होते. वेशीबाहेर म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं.

येसू मागे भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "माझ्याकडं एक टोक रिकामं हाय. पोरगं मला द्या." पंचांना काय, पीडा टळली.

आता येसू वर चढली, बयाजी खाली. पहिल्याच दिवशी त्याने रागारागाने करवत ढकलली. पातं वाकलं, अडकलं. येसूने ना शिवी दिली ना हात उगारला. "वढायची आस्ती, बाळा. ढकलायची न्हाई. आपलं वढून झालं की हात सैल सोडायचा, मग दुसऱ्याची पाळी." हे तिने त्याला दिवसातून शंभर वेळा सांगितलं, असं म्हणतात. शंभराव्या वेळीही तिचा आवाज चढला नाही. चढवायला तिच्यात त्राणच नव्हतं, हेही खरं.

त्या कामात एक जुना रिवाज होता. खालच्याच्या डोळ्यांत भुसा पडतो. पडला की त्याने नुसतं "भुसा" म्हणायचं. वरच्याने तिथल्या तिथे थांबायचं, उतरून पाणी आणून द्यायचं. कुठे पडला, किती पडला, विचारायचं नाही. बयाजीच्या शब्दावर कुणी थांबलं, हे आईबाप गेल्यावर पहिल्यांदाच घडत होतं. आठ दिवस तो मेला उगाचच "भुसा, भुसा" करायचा. येसू दर वेळी गुडघे धरून उतरायची, पाणी आणायची, पुन्हा चढायची.

मग गावाने आणखी पोरं पाठवली. एक, दोन, सात. वर्षभराने पाटलानेही हणमंताला पाठवलं, कारण तो बापावरच धावून जायला लागला होता. येसूने बयाजीला वर उभं केलं आणि हणमंताला खाली. दुपारपर्यंत दोघे मुकाट ओढत होते. मग हणमंता खालून म्हणाला, "नीट वढ की! का आय नव्हती शिकवाया?"

बयाजीच्या पायाशी कुऱ्हाड होती. त्याने ती उचलली. पोरं जागच्या जागी थिजली. येसू उठायला गेली, पण तिचे पाय उठेनात. बयाजी वर उभा, मूठ कुऱ्हाडीवर आवळलेली. आणि तो म्हणाला, "भुसा."

वर कधी भुसा पडत नाही. हणमंताला ते ठाऊक होतं. तरी त्याने करवत सोडली, तांब्या भरून आणला आणि वर धरला. काही विचारलं नाही. बयाजीने कुऱ्हाड टाकली आणि कितीतरी वेळ डोळे धुतले.

ते पाहिलं आणि येसू तिथेच भुशाच्या ढिगावर कलंडली. नवरा गेल्यापासून तिचा डोळा लागला नव्हता. ती तीन दिवस, तीन रात्री झोपली. पोरांनी काम थांबवलं नाही, पण करवतीचा आवाज झाला नाही. रानातले वाघ कुंपणापाशी येऊन बसले आणि त्यांनीही डरकाळी फोडली नाही, असं म्हणतात.

उठली ती पुन्हा कामाला लागली. बेचाळीस वर्षं. सगळी पोरं सुधारली असं कुणी सांगेल तर त्या थापा. काही पळाली, एक जण वाईट मरणाने मेला, त्याच्यासाठी येसू फार रडली. शेवटी एके दिवशी ओढून झाल्यावर तिने हात सैल सोडला, तो परत आवळलाच नाही; ती तिथेच गेली. करवत मात्र तिच्या बाजूने दिवस मावळेपर्यंत चालत राहिली, असं म्हणतात.

आता यंत्रावर लाकूड कापतात. तरी सावरघाटात एखादं पोर घरात, शाळेत, भर भांडणात "भुसा" म्हणालं की समोरचा गप्प होतो आणि पाणी आणून देतो. मग तिसरं कुणी असेल त्याने पाणी आणणाऱ्याला विचारायचं असतं, "तू दमलास का?" हे येसूच्या नावाने पाळतात, कारण येसूला ते कुणीच कधी विचारलं नव्हतं.